मायनसवरची डबी

भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, गाड्यांचे मिस्त्री. त्यांचं गॅरेज आमच्या घरामागच्या रस्त्यावर. लोक त्यांना ठोकेमास्तर म्हणतात, कारण बॅटरीची पकड आवळून झाली की पान्याच्या दांड्याने वरून एक ठोका द्यायची त्यांची जुनी सवय. ठोका दिला की गाडी देवाच्या हवाली, असं हसत म्हणायचे. मी म्हणायचे, देवाला हाक मारायला ठोका कशाला लागतो?

हल्लीच्या गाड्यांना तो ठोका चालत नाही, हे मला त्यांनीच समजावलं होतं. मायनसच्या पकडीवर काड्यापेटीएवढी काळी डबी असते, तो सेन्सर. बॅटरीत किती जीव उरलाय ते ती गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहते. जीव कमी आहे असं कळलं की कॉम्प्युटर वरखर्चाची कामं आधी बंद करतो. सीट गरम करणं बंद, चार्जिंगचं सॉकेट बंद. घरात ओढाताण सुरू झाली की तुम्ही हात आखडता घेता ना वहिनी, तसं, असं म्हणाले होते.

आमचा तर सगळा जीव त्या सॉकेटवर. ह्यांची फुप्फुसं थकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. प्रवासातल्या ऑक्सिजनच्या छोट्या मशीनची स्वतःची बॅटरी थोडाच वेळ तग धरते, म्हणून प्रवासात ते गाडीच्या सॉकेटला लावायचं. मोठं हॉस्पिटल डोंगरापलीकडे. गाडी सुरू व्हायला कुरकुर करत होती, म्हणून निघण्याआधी मुलीने ती काकाकडे नेली. त्यांनी नवी बॅटरी बसवली, स्कॅनर लावून कॉम्प्युटरला नव्या बॅटरीची ओळख करून दिली. सगळं ठीक दिसलं. मुलीने बापाला बसवलं आणि गाडी निघाली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी घरीच.

पूजा आटोपत होते तेवढ्यात भावजींचा फोन आला.

“वहिनी, निघाले का?”

“केव्हाच. का हो?”

ते हळू आवाजात सांगू लागले. दुसऱ्या गाडीच्या पकडीवर ठोका द्यायला हात उचलला आणि तिथेच थिजला. मघाशी स्कॅनर काढून झाल्यावर, बॉनेट लावण्याआधी, दादाच्या गाडीवर त्यांनी हेच केलं होतं. गाडी निघाली तेव्हा मन दुसरीकडे होतं. डबीला तडा गेला असेल तर ती खोटंच सांगणार, आणि सॉकेट बंद.

मुलीचा फोन लागेना. डोंगरात रेंज नसतेच. भावजी मोटरसायकल काढून त्यांच्या मागे निघाले. मी देवासमोर बसले, पण एक ओळ म्हटली की दुसरी आठवेना. आतून सासूबाईंनी विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, राँग नंबर. देवासमोर खोटं बोलले, आणि त्याचीही भीती वाटली. ह्यांची धाप मला माझ्याच छातीत ऐकू येत होती. ओठ निळे पडतात तेव्हा ते हातानेच खुणावतात, शब्द निघत नाही. गाडी चालवताना पोरीला ती खूण दिसेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पुढचं मुलीने मागाहून सांगितलं. घाट उतरताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, सॉकेट गेलं. थोड्या वेळाने मशीन टीं टीं करू लागलं. ह्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणून धाप लागल्याचं तिला कळलं. खाली पेट्रोल पंप होता. तिने गाडी थेट ऑफिसच्या दारात घातली आणि मशीनची वायर भिंतीतल्या प्लगला लावली. पंपाच्या मॅनेजरने अँब्युलन्स बोलावली. ती यायच्या आधी भावजी पोहोचले. घामाने डबडबलेले, धापा टाकत. ह्यांनी नळीतून श्वास ओढला आणि म्हणाले, “मशीन माझं बंद पडलं, धाप तुला का?”

भावजी हसले नाहीत. मुलीसमोर, पंपावरच्या लोकांसमोर म्हणाले, “दादा, मी ठोका मारला. माझ्याच हाताने झालं.” अँब्युलन्समध्ये चढवताना ह्यांनी भावजींचा हात घट्ट धरून ठेवला होता म्हणे.

अँब्युलन्स गेल्यावर भावजींनी पंपावरून मला फोन केला. दादा श्वास घेतोय, म्हणाले. मी रडले. गाडीचं काय, असं उगीच विचारलं.

“उभी आहे. दुसरा मिस्त्री बोलावलाय. तो येईपर्यंत मी बाजूला बसतो, वहिनी. हात लावायचं धाडस होत नाही.”