दोन घरांचा राउटर आणि एक कूलर

सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. घंटा आपल्याच हातात असावी असं मला घरीही वाटतं. घरी आजवर घंटा नव्हती म्हणून सगळे सुखात होते. मग राउटर आला.

अमरावतीतली आमची गल्ली अशी की आमच्या बैठकीच्या खिडकीतून हात लांबवला आणि समोरच्यांनीही लांबवला, तर चहाची बशी अलीकडची पलीकडे जाते. समोर कूलर बनवणारा मिस्त्री राहतो, त्याची बायको आणि एक मुलगी. मिस्त्री पत्रा कापतो, वाकवतो, रिबिट मारतो आणि उन्हाळा लागला की अर्ध्या शहराला थंड करतो. मी त्याला मिस्त्री म्हणतो, तो मला सर म्हणतो, दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींना भाभी म्हणतात, आणि त्याची मुलगी मला काका म्हणते. ती कॉम्प्युटरचं शिकलेली आहे. घरी बसून करता येईल अशी नोकरी तिला हवी होती, कारण तिच्या आईच्या गुडघ्यांनी घरातली निम्मी कामं सोडून दिली होती.

आमच्या गल्लीत मोबाइलची रेंज जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभं राहिलं तरच मिळते. म्हणून आमच्याकडे इंटरनेटची लाइन आली तेव्हा ती दोन्ही घरांची असं न बोलताच ठरलं. आमचा कूलर दरवर्षी मिस्त्री करून देतो, तेही असंच न बोलता ठरलेलं आहे. फक्त कंपनीनं दिलेल्या मोडेमचा दम गल्ली ओलांडायच्या आत संपत असे. चांगला राउटर घ्यायला हवा होता.

पहिला सल्ला अकोल्याहून आला. माझा मेहुणा तिथं राहतो आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. तो फोनवर म्हणाला, "भाऊजी, सहा अँटेनाचं घ्या. जितके अँटेना तितकी रेंज. माह्या दोस्ताकडं आठ अँटेनाचं हाय, त्याच्या ढोराच्या गोठ्यातही नेट चालते."

"गोठ्यात कोण वापरून राहिलं?" मी विचारलं. त्यावर त्यानं विषय बदलला.

समोरच्या पोरीनं हे खिडकीतून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काका, अँटेना मोजून काय होते? मोडेम बाहेरची लाइन घरात आणते, राउटर थे सगळ्याईले वाटून देते. आपल्याले वाटणारा शहाणा पायजे, शिंगं नाई पायजे."

शेवटी मी तिलाच घेऊन दुकानात गेलो. तिथं तिनं जे प्रश्न विचारले त्यांतले निम्मे मला कळले नाहीत. एका वेळी किती जण चालवू शकतील? पाहुण्यांना वेगळा पासवर्ड देता येतो का? कुणाचं काम महत्त्वाचं असेल तर त्याला आधी नेट देता येतं का? लहरींचा एक पट्टा जोरात धावतो पण भिंतीला भितो, दुसरा सावकाश चालतो पण भिंतीतून जातो, ते दोन्ही यात आहेत का? दुकानदार तिला मॅडम म्हणू लागला आणि मला म्हणाला, "काका, जरा बाजूले सरा, मॅडमले डबा पाहू द्या."

बाजूला सरल्यावर माझ्या हाती दुसरा डबा लागला. त्यावर मोबाइलचं चित्र होतं. चित्रात घरातल्या माणसांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक बटण. बटण दाबलं की त्या माणसाचं नेट थांबतं, पुन्हा दाबलं की सुरू. माझे डोळे चमकले. मी विचारलं, "हे आपल्यात आहे का?" ती म्हणाली, "आहे, पण आपल्याले काय करायचं त्याचं?"

काय करायचं ते मला ठाऊक होतं.

राउटर आम्ही बैठकीच्या खिडकीत ठेवला, कारण बोर्ड तिथंच होता आणि समोरच तिची खोली होती. माझ्या मोबाइलवर ते ॲप तिनंच टाकून दिलं. त्या दिवसापासून मी सुटलो.

सुरुवात चांगल्या कामानं झाली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. संध्याकाळी भाभी पोरीला जेवायला हाका मारून थकत आणि ती कॉम्प्युटरपुढून हलत नसे. एकदा भाभींनी खिडकीतून मला नुसती खूण केली. मी बटण दाबलं. पोरगी चडफडत खिडकीत आली, तेव्हा मी म्हणालो, "आधी जेवून घे, मग चालू करतो." भाभी पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे ही रोजची घंटाच झाली.

मग माझी भूक वाढली. आमचे बाबा मोबाइलवर खंजिरीची भजनं मोठ्यानं लावतात. मोझरीला महाराजांच्या आश्रमात तरुणपणी घालवलेले दिवस त्यांना आठवतात, त्याला माझी ना नाही, पण मी पेपर तपासत असताना आवाज कमी करा म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही. बटण दाबलं की भजन मधल्या ओळीवर थांबायचं. बाबा मोबाइल हलवत म्हणायचे, "महाराजाईचं इथंच काहून अडकते बाप्पा?" मेहुणा अकोल्याहून आला की तो सगळ्यांना व्हिडिओ दाखवून ज्ञान देतो. त्याचे व्हिडिओ आमच्या घरी कधी पूर्ण झाले नाहीत. सहा अँटेनाचं घेतलं असतं तर असं झालं नसतं, असं तो जाताना दर वेळी बजावत असे.

बायकोला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. ती म्हणाली, "शाळेतले पोरं कमी पडले काय तुमाले? एक दिवस लय महाग पडीन हे."

एकच गोष्ट अशी केली जिची मला आज लाज वाटते. पोरगी एका नोकरीसाठी सरावाची परीक्षा देत होती. मला वाटलं ती सिनेमा बघते आहे. गंमत म्हणून मी पाच मिनिटं तिचं नेट बंद ठेवलं. तिचा पेपर गेला. ती रडली नाही, भांडलीही नाही. "सरावच होता काका," एवढंच म्हणाली. मी बटणाला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतली आणि ती आठवडाभर पाळली. आठव्या दिवशी बाबांचं भजन जरा जास्तच वर गेलं.

होळी झाली, ऊन तापलं आणि मिस्त्री एका रविवारी नवा कूलर घेऊन आला. आमचा जुना प्लॅस्टिकचा त्याला कधीच आवडला नव्हता. "सर, ह्या साली तुमच्यासाठी मी स्वतःच्या हातानं बनवला. जाड पत्रा, मोठी टाकी, तिन्ही बाजूनं वाळ्याच्या ताट्या. बाबाले मे महिन्यात गोधडी लागीन!" त्यानं तो कूलर खिडकीत चपखल बसवला. राउटर उचलून आत, कूलरच्या मागं फळीवर ठेवला. बाबा कूलरपुढे बसले ते उठेनात. मिस्त्रीनं चहा घेतला, पत्र्यावर प्रेमानं दोन थापा मारल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीची खरी मुलाखत होती. पुण्याची कंपनी, घरूनच काम. मुलाखत सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि तिचा चेहरा कंपनीवाल्यांच्या पडद्यावर गोठला. कंपनीनं मोठ्या मनानं शुक्रवारी दोन वाजता पुन्हा वेळ दिली, पण ही शेवटची, असंही सांगितलं.

हे मला भाभींकडून कळलं, कारण पोरगी माझ्याशी बोलायचीच थांबली. मी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं की मी काही केलेलं नाही. मिस्त्री पत्रा कापत होता, त्यानं मान वर केली नाही. आतून पोरीचा आवाज आला, "माह्या पेपरच्या वक्तीही तुमी म्हणलं होतं काका, सिनेमा वाटला म्हणून."

घरी आलो तर बायको म्हणाली, "खरं सांगा, तुमीच केलं ना?" बाबांनी कूलरपुढून मान हलवली. मेहुण्याला अकोल्यात कुणी सांगितलं देव जाणे, त्याचाही फोन आला, "भाऊजी, पोरीच्या जिंदगीशी खेळू नका." सव्वीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलं. आता एकदाच खरं बोलत होतो तर मला कुणी बसू देत नव्हतं. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

तीन दिवस मी राउटर बंद केला, चालू केला, वायर काढल्या, लावल्या. आमच्या घरात नेट पळत होतं आणि समोर मरत होतं. मी निरोप पाठवला की शुक्रवारी आमच्या घरी येऊन बस. उत्तर आलं की तिचा कॉम्प्युटर जुना आहे, हलवला की रुसतो, आणि काकांचा हात मधेच वळवळला तर काय करायचं? हे उत्तर मला चांगलंच लागलं.

गुरुवारी दुपारी कूलरचा पंप बंद पडला. मिस्त्री माझ्याशी बोलत नव्हता, पण आपण बनवलेला कूलर बंद आहे आणि त्यापुढे म्हातारा माणूस घामाघूम बसला आहे, हे त्याला सोसवलं नसतं. तो पाना घेऊन आला, मला ओलांडून गेला आणि पंप बघायला त्यानं अख्खा कूलर खिडकीतून आत ओढला.

समोरून पोरगी ओरडली, "अब्बू! नेट आलं!"

मिस्त्रीनं पंप झटकला, जाळी साफ केली आणि कूलर परत खिडकीत ढकलला.

"गेलं!"

तो थबकला. हळूच कूलर पुन्हा ओढला.

"आलं!"

ढकलला. "गेलं!" ओढला. "आलं!" बाबांना हा खेळ फार आवडला, ते म्हणाले, "अजून एकदा कर रे बेटा." मिस्त्री मात्र जाड पत्र्याकडे आणि भरलेल्या टाकीकडे पाहत उभा राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, "सर, मीच माह्या पोरीचं नेट पत्र्यानं बंद केलं. आन् शिव्या तुमाले घातल्या."

खरं तर त्या क्षणी मला नाचावंसं वाटत होतं. पण समोर खिडकीत पोरगी उभी होती आणि ती हसत नव्हती. ती म्हणाली, "ह्या वेळी तुमी नव्हते काका. पण मले तुमीच वाटले, त्याले मी काय करू?"

मी तिला सांगितलं की चूक माझीच आहे. आजवर कुठल्याही विद्यार्थ्याची मी माफी मागितली नव्हती, त्या दिवशी खिडकीत उभं राहून मागितली. मग माझा मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "ते ॲप तुझ्या मोबाइलवर घे आणि माझ्यातून काढून टाक." तिनं तेवढं केलं, मोबाइल परत दिला आणि आत गेली.

राउटरपासून तिच्या खोलीपर्यंत लांब वायर टाकणारा माणूस सोमवारी येणार होता. म्हणून शुक्रवारी दीड वाजता मिस्त्रीनं आणि मी कूलर काढून जिन्यात ठेवला. दोन ते तीन, भर उन्हाच्या वेळी, आमचं घर भट्टीसारखं तापलं. मिस्त्री आमच्याच बैठकीत बसला होता, घाम पुसत, कारण आपल्या घरी बसलं तर पोरगी घाबरेल असं त्याला वाटत होतं. बायको सगळ्यांना पन्हं देत होती. बाबांनी बनियनही काढून ठेवली आणि आवाज नको म्हणून स्वतःहून भजन बंद ठेवलं. समोर ती इंग्रजीत काहीतरी सांगत होती, हात हलवत होती, आणि एकदाही थांबली नाही. तीन वाजता तिनं नुसती खिडकी लावून घेतली. कशी झाली, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नोकरी तिला लागली, पण ते पंधरा दिवसांनी कळलं. मला त्या शुक्रवारची संध्याकाळ सांगायची आहे. मी मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होतो, शेवटची दोन षटकं उरली होती. स्वयंपाकघरातून बायको तिसऱ्यांदा जेवायला बोलावत होती. गोलंदाज धावत आला, आणि मधेच थिजला.

मी मोबाइल हलवला. बाबांचं भजनही थांबलं होतं. कूलर अजून जिन्यातच होता. मी चिडून मोकळ्या खिडकीशी गेलो, तर समोर ती उभी होती. हातात मोबाइल, चेहरा अगदी गंभीर, आणि तिच्यामागे भाभी तोंडाला पदर लावून.

"आधी जेवून घ्या काका," ती म्हणाली, "मग चालू करते."

पाच दिवसांनी ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली होती. सामना गेला, कोण जिंकलं ते मी विचारलंही नाही. मी जाऊन पानावर बसलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.