उलट्या ग्रहाच्या बाई

आमच्या फिजिक्सच्या बाईंना मान डोलावणारी मुलं अजिबात खपत नसत. "नंदीबैल नकोयत मला," म्हणायच्या, "पटत नसेल तर भांडा." कोपर स्टेशनजवळ त्यांच्या दोन खोल्यांत शिकवणी चालायची आणि पोरं भांडूनच घरी यायची. मी सोडून. मी मेली भित्री.

बाईंचं खरं वेड म्हणजे दूरच्या ताऱ्यांभोवतीचे राक्षसी ग्रह. गुरूपेक्षा मोठे, ताऱ्याला खेटून, चार-पाच दिवसांत फेरी उरकणारे. त्यातले काही तर असे, की तारा स्वतःभोवती एकीकडे फिरतोय आणि ग्रह बरोबर उलट दिशेने त्याला फेऱ्या घालतोय. हे सांगताना बाई अशा खूश व्हायच्या, जणू माहेरचंच कुणी बोर्डात आलंय!

एकदा गणपतीत मंडळाचा देखावा त्यांनी केला. लगद्याचा तारा, भलामोठा ग्रह, दोन मोटरी, दोघांच्या दिशा उलट. माहिती सांगायला मी. आठवडाभर बाईंनी घोटवून घेतलं होतं.

स्पर्धेचे परीक्षक आले. एकजण म्हणाले, "हा ग्रह उलटा फिरतोय की! मोटर चुकली का?"

"चुकलंच सर," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "प्रदक्षिणा अशी कुणी घालतं का? उद्या बदलतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "सांग गं यांना."

मला सगळं येत होतं हो! आणि मी म्हणाले, "हो, चुकलंय."

"काहीही चुकलेलं नाही," बाई परीक्षकांना म्हणाल्या. "आपल्याला विचारून फिरायला ग्रह काय मंडळाचा सभासद आहे?" बक्षीस गेलं. सकाळी अध्यक्ष मोटर बदलायला आले, तर बाई देखाव्यासमोर खुर्ची टाकून बसलेल्या. "आधी मला उचला." विसर्जनापर्यंत ग्रह तसाच फिरला. पुढच्या वर्षी मंडळाने बाईंना बोलावलं नाही. मीही त्यांच्याकडे जायचं सोडलं. लाज वाटायची, दुसरं काय!

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्याआधी कल्याणला हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटले आणि रडतच म्हणाले, "बाई, तेव्हा मी खोटं बोलले."

"मग आता खरं बोल. मोठ्याने."

भरला वॉर्ड, डबे घेऊन आलेले नातेवाईक. मी उभी राहिले आणि सुरू केलं. तारा कसा फिरतो, ग्रह कसा. माना वळल्या, आवाज चढत गेला. सिस्टर धावत आल्या, "अहो ताई, हळू!"

बाईंनी हात वर केला. "तिला थांबवू नका, सिस्टर. बारा वर्षांनी तोंड उघडलंय."