घसा बसला त्या रविवारची फायनल

मी गिरणीच्या फुटबॉल संघात हाफ खेळायचो. आताची मुलं त्याला मिडफिल्डर म्हणतात. हजेरीपटावर माझं नाव कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडी खात्यात होतं, पण दुपारनंतर मला तिथे कुणी शोधत नसे. मी मैदानावर असे आणि पगार खरा त्याचाच मिळे.

हाफने मागून बॉल घ्यायचा, पुढे द्यायचा आणि सतत ओरडायचं. कुणाच्या पाठीवर माणूस आलाय, कोण मोकळा आहे, हे मधल्या माणसाला दिसतं, ते त्याने सगळ्यांना सांगायचं. आमचे कोच गिरणीतलेच एक म्हातारे गोंयकार क्लार्क होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. "तू आधा पैर से खेलता, आधा गले से," असं ते मला म्हणत.

हा गळा घोडपदेवात सगळ्यांना ठाऊक होता. त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेऱ्या निघू लागल्या तेव्हा घोषणा द्यायला मलाच पुढे घातलं. फायनलच्या रविवारीसुद्धा फेरी होती. फक्त चाळीपुढच्या नाक्यापर्यंत जायचं असं ठरवून निघालो. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" मी म्हणायचो आणि मागून हजार माणसं "झालाच पाहिजे!" म्हणायची. अशा वेळी नाक्यावरून परत कोण फिरणार? लालबाग झालं, परळ झालं. भोईवाड्यात पोचलो तेव्हा माझा आवाज पार गेला होता.

भोईवाड्यात आमचा लेफ्ट आउट राहायचा, डाव्या कडेने खेळणारा माझा जिवलग दोस्त. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची आई अजून खीर खिलवत होती. मीही खाल्ली. थँक्यू म्हणायला गेलो तर नुसती हवा बाहेर आली. दोस्त आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"अरे, चार वाजता फायनल आहे ना रे!"

घरी आलो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे, कोकणातून आलेले. त्यांनी विचारलं, "काय रे, आवाज खंय गेलो?" मी बाहेर रस्त्याकडे बोट दाखवलं. लग्नाला चारच महिने झाले होते. बायकोने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, तोंडात ज्येष्ठमध कोंबलं आणि बोलायची बंदी घातली. मग मला काही हवं असलं की मी टाळी वाजवायचो. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे पाणी. तिला हसू आवरत नव्हतं. सासऱ्यांसमोर हसायचं कसं म्हणून ती सारखी मोरीत जात होती.

मैदानावर मास्तरांना काही सांगायची सोय नव्हती. दोस्ताने सांगितलं. "मोर्चे में गला बेच के आया?" मास्तर कडाडले. मला बाहेर बसवायलाही ते तयार झाले होते. तेव्हा मी सकाळची युक्ती हातवारे करून दाखवली आणि दोस्ताने तिचा अर्थ लावला. एक टाळी म्हणजे बॉल डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे मागे माझ्याकडे. मास्तरांनी छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाले, "खेलो."

समोर गोदीचा संघ होता, माझ्या दीडपट अंगाची माणसं. पहिल्या अर्ध्यात टाळ्या छान चालल्या. गोल झाला नाही, पण बॉल आमच्याकडेच जास्त होता. गोंधळ उडाला तो नंतर. आमची अख्खी चाळ मॅचला आली होती, पहिल्यांदाच बायकासुद्धा. मी टाळ्या वाजवतोय म्हणजे प्रोत्साहन हवंय, असा त्यांचा समज झाला. मी एक वाजवली की त्या बाजूने दोनशे वाजायच्या. आमचा राइट आउट बॉल पायात घेऊन चक्क थांबला आणि माझ्याकडे बघत बसला. गोदीवाल्यांनी तो सहज काढून घेतला. आमच्या गोलीने अंग झोकून वाचवलं म्हणून, नाहीतर संपलंच होतं.

आणि एकाएकी ती बाजू गप्प झाली.

काय झालं ते मला मागून कळलं. सकाळपासून टाळ्यांवर चहापाणी देणाऱ्या माझ्या बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला होता. चार महिन्यांत चाळीत कुणी जिचा आवाज ऐकला नव्हता, ती बाकावर उभी राहून ओरडली, "अहो, टाळ्या बंद करा सगळ्यांनी! ह्यांचं बोलणं चाललंय ते!" सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते माझे वडील. ते हात तसेच जोडून खाली बसले.

त्या शांततेत मी गोदीच्या माणसाच्या पायातून बॉल काढला आणि आमच्या सेंटर फॉरवर्डला दिला. त्याची गोलकडे पाठ होती आणि अंगावर दोन माणसं होती. मी एकच टाळी वाजवली. वर न बघता त्याने बॉल डावीकडे ढकलला. भोईवाड्याचा माझा दोस्त तिथे धावत येतच होता. गोलीची बोटं लागली, तरी बॉल जाळ्यात गेला.

मग मात्र कुणी कुणाला आवरलं नाही. बाकावरच उभी असलेली माझी बायको पदर खोचून टाळ्या वाजवत होती, आणि शेजारी वडील तिला सांगत होते, "आता वाजय, आता वाजय!"

एका गोलने जिंकलो. चषक घोडपदेवात आणला तेव्हा लोकांनी मला खांद्यावर घेऊन "भाषण, भाषण" केलं. मी हात जोडले. माझ्या वतीने दोस्त बोलला आणि त्याने निम्मं श्रेय आपल्या आईच्या खिरीला दिलं.

पुढे गुडघा गेला तोपर्यंत, आणखी बरीच वर्षं मी हाफच खेळलो. गोल केले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याचं वाईट कधी वाटलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर मला राज्याच्या संघात घेतलं. आधीच्या जर्सीवर नुसतं मुंबईचं नाव असायचं, नवीवर महाराष्ट्र होतं. मी ती घरी आणून वडिलांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला, मग सवयीने कापड चिमटीत धरून चोळलं.

"सूत बरां नाय," ते म्हणाले. "दोन धुण्यांत आटतलां."

आणि जर्सी माझ्या हातात देत म्हणाले, "पण घाल बघू. घालून दाखय."