तासाभराने धाकटी ताई

आमची जया माझ्यापेक्षा तासाभराने धाकटी, आणि मी तिला ताई म्हणत आलो. हसू नका! दोष तिच्या लांब हाताचा.

आम्ही जुळी भावंडं. शेलूजवळच्या आमच्या गावात शाळेत नाव घालायला बा घेऊन गेला, तेव्हा जन्मतारीख कोणाला ठाऊक होती? गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात टाकून पलीकडचा कान धरा. जयाने धरला. माझा हात वरच अडकला. गुरुजींनी तिचं वय सहा लिहिलं आणि मला पुढच्या वर्षी यायला सांगितलं. पुढच्या वर्षी माझ्या कानाला हात पोचला, तर माझंही सहाच लिहिलं. झालं! कागदावर ती वर्षाने मोठी.

मग घरातही तेच. आई आजारी पडली तर चूल जयाकडे, कारण "ती मोठी हाय". तिची शाळा सातवीतच सुटली. मी कैऱ्या पाडताना लोकांची कौलं फोडली, तर "लहान हाय तो". तिला समज आधीपासून होती, की मोठी मोठी म्हणून आली? अजून मला हे कोडं सुटलेलं नाही.

ऐंशी साली खोपोलीचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत. आदल्या दिवशी जया मला विहिरीवर म्हणाली, "नागू, मला एवढ्यात लगीन नको रं. पण बाला कोण सांगंल?" मी काय सांगणार कपाळ? माझं ऐकतो कोण?

पाहुणे बसले. बाने शाळेचा दाखला पुढे केला. "अठरा पुरी झालीत. पोर लय शहाणी हाय."

मुलाच्या बापाने सहज मला विचारलं, "तुझं वय काय रं?"

"सतरा," मी म्हणालो. जया दारात उभी होती. "आनि आमी जुळी हाव. मी तासभर मोठा."

बाने डोळे वटारले. पाहुण्याने दाखला उलटसुलट करून पाहिला. "सरकारी नोकरी हाय, वयाचा घोळ नको. वर्षभराने बघू." चहा अर्धाच टाकून गेले.

बाने माझा उद्धार केला. मी रडकुंडीला येऊन परसात गेलो, तर जया तिथेच, पदर खोचून उभी. वाटलं, आता नेहमीसारखी समजूत काढील.

"तुझा विटीदांडू काढ," ती म्हणाली.

"तुला येतो?"

"कवा शिकनार व्हते मी?"

अंधार पडेपर्यंत खेळलो. तिची विटी एकदाही धड उडाली नाही. आमची शहाणी जया दर वेळी रडीचा डाव खेळायची आणि ओरडायची, "हा धरायचा नाय रं, दादा!"

दादा तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.