रिक्षातले बुधवार

शीलाला एकटं बसायला जागा नव्हती, इथेच पहिलं घोडं अडलं. समुपदेशक बाईंनी मेसेज पाठवला होता, की सेशनच्या वेळी शांत खोलीत एकट्या बसा. आता बेलवलीतलं एका खोलीचं घर, सासू गयाबाई दिवसभर दाराशी बसलेल्या, शेजारणी न विचारता आत येणाऱ्या. तिथे दार लावून एकटी बसलेली बाई म्हणजे चाळभर चर्चा. लग्न झाल्यापासून शीला एकटी असायची ती फक्त मोरीत.

तोडगा काढला तिच्या नवऱ्यानं, संतोषनं. त्याची रिक्षा होती. दुपारी धंदा मंदच असतो. बुधवारी तो तिला बारवी धरणाच्या रस्त्याला, रेंज चांगली येते तिथे, घेऊन जायचा. दोन्ही बाजूंचे पडदे सोडायचा आणि पाठ करून लांब उभा राहायचा. कोणी स्टेशनला येणार का विचारलं, तर म्हणायचा, "भाडं आहे आत."

त्यांचा मुलगा सम्यक गेल्या पावसाळ्यात तापानं गेला. तेव्हापासून शीला कामाला जायची, स्वयंपाक करायची, पण स्वतः नीट जेवायची नाही, झोपायची नाही आणि नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. शेजारची सोनिया दवाखान्यात नर्स. तिनं हे ऑनलाइन समुपदेशनाचं जुळवून दिलं.

पहिल्या बुधवारी शीला सम्यकच्या रिपोर्टची फाईल घेऊन बसली. डॉक्टर म्हटला की फाईल लागते, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. स्क्रीनवर शलाका मॅडम, वयानं तिच्याहून लहान. शीलानं एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मॅडमनी सगळे पाहिले, मध्ये थांबवलं नाही. मग शांतपणे सांगितलं, की त्या गोळ्या देत नाहीत, गरज वाटली तर त्यासाठी वेगळे डॉक्टर सुचवतील. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. शीलाच्या जिवाला धोका वाटला तरच कुणाला तरी कळवावं लागेल. कॉल तुटला तर त्याच परत लावतील. रडू आलं तरी चालेल, गप्प बसलं तरी चालेल.

शीला गप्प बसली. मॅडमही बसल्या. तिच्या गप्प बसण्यासाठी आजवर कुणी असा वेळ काढला नव्हता.

परतताना संतोषनं विचारलं, बरं वाटलं का. काहीच झालं नाही, असं ती म्हणाली. पहिल्या दिवशी काही होत नसतंच. आपल्याला मात्र इंजेक्शनसारखा गुण हवा असतो.

पुढचे काही बुधवार तिनं इतरांचंच सांगितलं. सासूचे गुडघे, बहिणीचा संसार, कामावरची सुपरवायझर. मॅडम ऐकत राहिल्या. मग एकदा म्हणाल्या, "सगळ्यांचं सांगितलंत. सम्यकच्या पप्पांचं काहीच सांगितलं नाहीत."

शीलानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. संतोष उन्हात उभा होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मग ती बोलायला लागली.

"मी म्हणत होते, आत्ताच्या आत्ता उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. हे म्हणाले, साधा ताप आहे, सकाळी बघू. आणि मी ऐकलं. आता हा माणूस माझ्यासाठी उन्हात उभा राहतो. याच्यावर रागवू कशी?"

चूक कोणाची, ते मॅडमनी सांगितलं नाही. राग आणि माया एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकते, एवढंच म्हणाल्या. त्याला सांगायचं की नाही, ते तिनं ठरवावं, घाई नाही.

कॉल संपला. संतोषनं पडदे वर बांधले, पुढे येऊन बसला आणि रिक्षा चालू करणार, तेवढ्यात मागून शीला म्हणाली, "तुम्ही सकाळी बघू म्हणालात."

त्याचा हात तसाच थांबला.

"तू हे कधी म्हणशील, याची वाट बघत होतो," तो म्हणाला. "तू बोलत नव्हतीस. मग मी रडणार कुणापुढे?"

शीलाचा राग जागच्या जागी होता. तरी ती मागून उतरली आणि पुढे, शेअर रिक्षात चौथं भाडं कोंबतात त्या जागेवर, त्याला खेटून बसली. संतोष हँडलवर डोकं टेकून रडला, तिनं त्याला रडू दिलं.