शिडाचा रामराम
काल नातवाच्या झोपाळ्याला काथ्याचा नवा दोर बांधला आणि त्या वासासरशी मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षीची थंडी आठवली. आम्ही काही तरुण पोरं तेव्हा शिडाच्या गलबतावर दर्याचं काम शिकत होतो. गलबत रत्नागिरीला न थांबता आमच्या भाट्याच्या किनाऱ्याजवळून जाणार, असा निरोप आईला धाडला होता, आणि नेमका तो किनारा आला तेव्हा मी दोर सोडवायला डोलकाठीच्या टोकावर होतो. वाळूवर ती पदर हलवत उभी दिसली. दर हेलकाव्याला काठी मला थेट पाण्यावर नेत होती, तरी हात करायला मी मूठ सैल केली. खालून गलबताचे प्रमुख तांडेल ओरडले, “सोडू नुको रे मेल्या! तुजा रामराम शीड करंल.” त्यांनी मागचं लहान शीड अर्ध्यावर उतरवून पुन्हा चढवलं, घरासमोरून जाताना ज्याचे हात गुंतलेले, त्याच्या वतीनं असं करायची रीत होती. मला मात्र चुटपुट लागली, आईला हे काय कळणार? शिमग्याला घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, “शीड खाली आलं नि माजा जीव भांड्यात पडला. म्हटलं, पोरानं दोन्ही हातांनी धरलंय.” काल नातू उंच झोक्यावरून हसत मला हात करायला लागला, आणि मी ओरडलो, “सोडू नुको रे मेल्या!”