लाजेचे शब्द

"रोमनांकडे शब्दच नव्हते, वहिनी," चष्मा कपाळावर सरकवत सर म्हणायचे. लखनौच्या इंदिरा नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मूळ अमरावतीचे, शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वैद्यकातले जुने लॅटिन शब्द ते एका वहीत उतरवून ठेवत आणि भेटेल त्याला ऐकवत. असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

रोमनांनी वैद्यकी ग्रीकांकडून घेतली. मग काही शब्द ग्रीकच ठेवले, काही स्वयंपाकघरातून उचलले. गुडघ्याच्या हाडाला ते लहान ताटली म्हणत. आपणही वाटीच म्हणतो, असं मी म्हटलं तर सर दिवसभर खूश होते.

एकदा म्हणाले, गुप्त अवयवांबद्दल लिहिताना एका रोमन लेखकाला आपली भाषा ओंगळ वाटली, ग्रीक शब्द सभ्य वाटले. "आपलं इंग्रजीच्या बाबतीत तेच." काकू, म्हणजे त्यांची पत्नी, चहा ठेवून आत गेल्या.

काकू त्यांना वर्षभर "इथे जरा दुखतं" एवढंच सांगत होत्या. सर खांद्याला लावायला मलम देत. मग एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना काकू मला हळूच म्हणाल्या, "छाती में गाँठ है." आम्ही दोघी मराठी, पण ते त्यांना हिंदीतच सांगता आलं.

सरांना मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, "मला का नाही म्हणाली?" उपचार झाले, पण उशीर झाला होता. आठ महिन्यांत काकू गेल्या.

वही बंद झाली. जिना चढताना सर प्रत्येक वळणावर थांबू लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या मराठी बायका माझ्याकडे येणार होत्या, तेव्हा त्यांनी आपणहून दहा मिनिटं मागितली. आले, खुर्चीत बसले. कसं तपासायचं, डॉक्टरांकडे कधी जायचं, ते सांगू लागले. दोनदा "ब्रेस्ट" म्हणून अडखळले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "स्तन. स्तनात गाठ." बायकांनी पदर सावरले. कुणी हसलं नाही.

त्यांना वर पोचवायला मी गेले, तेव्हा दारात थांबून सर म्हणाले, "इतकी वर्षं वर्गात शिकवलं. घरात हा शब्द एकदाही उच्चारला नाही."

मार्चमध्ये मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी अधूनमधून फोन करते. "थकलोय, वहिनी," म्हणतात, आणि फोन मुलीच्या हातात देतात.